'सेट' : एका समूहवाचक शब्दाचे मराठीतील वर्तन

नामाचे प्रकार अभ्यासताना समूहवाचक नामांचा उल्लेख आपण वाचला आहे. सामान्यनामाचाच हा एक पोटप्रकार मानला जात असल्याने व्याकरणाची पुस्तके त्याला चार ओळींत आटोपतात. तो अधिक लक्ष देण्याजोगा का आहे, हे 'सेट' या रोजच्या वापरातील इंग्रजी शब्दाच्या आधारे पाहू.

चाकूरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी आणि केळ्यांचा घड मिळतो. शिवारात कडब्याची पेंढी, सरपणाची मोळी आणि खळ्यावर ज्वारीची रास दिसते. हे शब्द केवळ 'पुष्कळ' एवढेच सांगत नाहीत. जुडी, पेंढी, मोळी यांत बांधणे आहे. घड निसर्गानेच देठाला जोडलेला आहे. उतरंडीत मडकी एकावर एक रचलेली असतात. राशीत मात्र नुसते ओतणे आहे. समूह कसा बनला, हे नामातच सामावलेले असते.

'सेट' हा शब्द यांपैकी काहीच सांगत नाही. तो सांगतो पूर्णता. राशीतून पायलीभर ज्वारी काढली तरी रास ही रासच राहते. सहा कपांतील एक फुटला की 'सेट मोडला' असे आपण म्हणतो. शेतकऱ्याचा पंपसेट याहून बोलका आहे. मोटर आणि पंप या दोन भिन्न वस्तू असून एकीवाचून दुसरी निरुपयोगी ठरते. कळपात सारखेपणा असतो, सेटमध्ये परस्परपूरकता. मराठीतील 'संच' हा शब्द याच्या सर्वांत जवळचा. म्हणूनच नाटकाच्या कलाकारांचा संच असतो, ढीग नसतो. गणिताने हाच शब्द घेऊन त्याचा अर्थ बदलला. तेथे एकही घटक नसलेला 'रिक्त संच' असू शकतो. व्यवहारात रिकामा सेट कोणी विकत घेणार नाही!

इंग्रजीत या शब्दाचा पसारा एवढा आहे, की ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. त्यामागे दोन प्रवाह आहेत. 'बसवणे' या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद संस्कृतातील 'सद्' धातूचे दूरचे नातलग आहे. समूहाचा अर्थ मात्र मुख्यतः जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील 'अनुयायांचा पंथ' या अर्थाच्या शब्दापासून आला. पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. मराठीने दोन्ही स्वीकारले: दागिन्यांचा सेट आणि घड्याळाचा गजर सेट करणे.

आता व्याकरण पाहू. 'सेट' मराठीत पुल्लिंगी झाला; 'टीम' आणि 'बॅच' स्त्रीलिंगी झाल्या. परंतु 'कळप–कळपाला', 'संच–संचाला' असे सामान्यरूप होते, तसे 'सेटाला' होत नाही. आपण 'सेटला', 'सेटवर' म्हणतो. शब्द घरात आला, पण घराची रीत त्याने पूर्णपणे उचलली नाही. प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचे 'सेट' हे आद्याक्षरी नाव निराळेच आहे. 'सेट घेतला' आणि 'सेट दिली' यांतील लिंगभेदावरूनच ते दोन स्वतंत्र शब्द असल्याचे कळते.

उत्तरपत्रिकेत सर्वाधिक चुका अन्वयात होतात. 'गुरांचा कळप आली' हे वाक्य अशुद्ध आहे, कारण क्रियापद 'कळप' या नामाप्रमाणे चालते, 'गुरे' या नामाप्रमाणे नाही. 'मेथीच्या दोन जुड्या आणल्या' येथेही समूहनामच प्रधान आहे. मात्र षष्ठी काढून 'दोन जुड्या मेथी आणली' म्हटले, की मेथी प्रधान होते आणि जुडी केवळ माप उरते. 'चार पेंढ्या कडबा टाकला' हे त्याच जातीचे वाक्य होय. 'दोन सेट कप आणले' हेही सहज चालते. म्हणजे परका शब्द मापाच्या जागी बसू शकतो. पण त्या जागी 'एक कळप गुरे आली' असे आपण सहसा म्हणत नाही.

स्वाध्याय : आपल्या गावात बांधलेल्या, रचलेल्या आणि ओतलेल्या वस्तूंच्या समूहांसाठी वापरले जाणारे प्रत्येकी तीन शब्द वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द 'चार पेंढ्या कडबा' या रचनेत बसतात, हे वाक्ये करून तपासा.