गिअर ओळखा, उतार सांभाळा



गळीत हंगामात यार्डात नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरवाल्या मंडळींशी आमचे बोलणे होते. “उतार आला की न्यूट्रल मारायचं, डिझेल वाचतंय,” असे त्यांतला कोणीतरी हमखास सांगतो. म्हणून आज गिअरपेटीविषयी चार शब्द लिहीत आहोत.

जुन्या ट्रॅक्टरांत सरकते गिअर असतात. लिव्हर हलवला की दातेरी चाक शाफ्टवर सरकून दुसऱ्या चाकात अडकते. वेग जुळला नाही तर दात खरडतात. म्हणून ट्रॅक्टर उभा करूनच गिअर टाकायचा. कॉन्स्टंट मेशमध्ये चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात, फक्त मधले कपलिंग सरकते. दातांची झीज कमी होते. सिंक्रोमेशमध्ये कपलिंग अडकण्याआधी एक कडे घासून वेग जुळवते, त्यामुळे चालत्या गाडीत गिअर बदलता येतो.

सपाटीकरणाच्या पुष्कळ डोझरांत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात जोर तेलामार्फत जातो, म्हणून पाते अडले तरी इंजिन बंद पडत नाही. पण अडल्या जागी रेटत राहिले की तेल तापते. ऊसतोडणी यंत्राची चाल बहुधा हायड्रोस्टॅटिक असते: पंप तेल ढकलतो, त्या दाबाने मोटर फिरते. अशा यंत्रात तेलाची स्वच्छता हेच आयुष्य.

आता मूळ मुद्दा. उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल मागे घेतला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि गव्हर्नर डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. मग वाचले काय? उलट इंजिनाची पकड सुटते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात; भरल्या उसाचे वजन मागून रेटते आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन ब्रेकांवर येतो. अशा वेळी सरकता गिअर परत टाकू म्हटले तर पडतच नाही. क्लच दाबून उतरणे म्हणजेही न्यूट्रलच.

तेव्हा एवढे करावे: ज्या गिअरने चढ चढाल, त्याच गिअरने उतरा. गिअर माथ्यावरच टाका, उतारावर बदलू नका. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून ठेवा. आणि हे ड्रायव्हर गड्याला आज रात्रीच सांगा.

ऊस उशिरा आला तरी गाळला जाईल. गेलेला माणूस काही परत येत नाही.