बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे व्यायाम-प्रशिक्षण आणि शारीरिक आरोग्य

प्रस्तावना :
राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयामुळे कोल्हापुरात कुस्ती रुजली, खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या. व्यायामाला एवढी प्रतिष्ठा असलेल्या या नगरीतही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या व्यायामाचा विचार क्वचितच होतो. चेतना अपंगमती विकास संस्थेसारख्या संस्थांनी अशा मुलांच्या शिक्षणाचे मोलाचे कार्य केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ६ ते १८ वयोगटास मोफत शिक्षणाचा अधिकारही आहे. परंतु अठराव्या वर्षानंतर शाळा सुटते आणि तिच्याबरोबर रोजचा कवायतीचा तासही सुटतो. पुढील तीस-चाळीस वर्षे पुष्कळदा घरात बसून जातात.

क्षमता कमी का असते?
या व्यक्तींची हृदय-श्वसनक्षमता, स्नायूंची ताकद आणि तोल समवयस्कांपेक्षा सरासरीने कमी असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. याचे खापर केवळ बुद्धीवर फोडणे योग्य नव्हे. हालचालीची संधी कमी मिळणे, काळजीपोटी घरच्यांनी प्रत्येक काम हातातून काढून घेणे आणि काही मानसोपचारक औषधांमुळे वजन वाढणे हीही तितकीच महत्त्वाची कारणे होत.

डाउन सिंड्रोमची बाब मात्र वेगळी आहे. ‘२२० वजा वय’ हे सूत्र क्रीडाशिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्यानुसार ३० वर्षांच्या व्यक्तीचे कमाल हृदयठोके मिनिटाला १९० ठरतात. डाउन सिंड्रोम असलेल्या त्याच वयाच्या व्यक्तीत ते सरासरीने १६० च्या आसपासच थांबतात; कारण श्रमाच्या वेळी हृदयाला वेग देणाऱ्या चेतासंस्थेचा प्रतिसादच मंद असतो. आता १९० च्या ७० टक्के, म्हणजे १३३ ठोक्यांचे लक्ष्य दिले, तर प्रत्यक्षात तो श्रम ८३ टक्क्यांचा होतो. मध्यम व्यायाम म्हणून सांगितलेला श्रम तीव्र ठरतो, ती व्यक्ती मध्येच बसते आणि शिक्षक तिला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात! म्हणून धाप किती लागते, चालताना बोलता येते की नाही, यावरूनच वेग ठरविणे श्रेयस्कर.

तालमीतून काय घ्यावे?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग प्रौढांनीही आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम करणे अपेक्षित आहे. नियमित प्रशिक्षणाने ताकद व तोल सुधारतो. वजन मात्र आहारात बदल केल्याशिवाय सहसा फारसे घटत नाही, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

रंकाळ्याकाठी झपाझप चालणे, खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, हलके वजन उचलणे एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. कोलांटी, शीर्षासन आणि मानेवर भार येणारे डाव मात्र डाउन सिंड्रोममध्ये वर्ज्य समजावेत. यांपैकी काहींच्या मानेतील पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो आणि मज्जारज्जूस इजा होऊ शकते. जन्मजात हृदयदोषाचे प्रमाणही यांच्यात मोठे असल्याने वैद्यकीय तपासणीशिवाय आरंभ करू नये.

तालमीतील व्यायाम असा निवडून घ्यावा लागतो. शिकविण्याची रीत मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. वस्ताद व्याख्यान देत नाही. तो करून दाखवितो, शिष्याचा हात-पाय धरून योग्य जागी ठेवतो आणि तेच रोज, त्याच क्रमाने करवून घेतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीस नेमके हेच मानवते.

महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांना येथे वाव आहे. प्रगती मोजण्यासाठी सहा मिनिटांत किती अंतर चालले जाते, ही चाचणी पुरेशी असून तिला मैदान, दोन खुणा आणि एक घड्याळ एवढेच साहित्य लागते. बरोबर कोणी तरी चालणारा हवा. पहिल्या एक-दोन प्रयत्नांचे अंतर नोंदवहीत धरू नये, कारण त्या वेळी क्षमतेची नव्हे, तर सूचना किती समजली याचीच परीक्षा झालेली असते.