लालमनचे पाचशे एक रुपये

कायदा शिकवणाऱ्या नामवंत संस्थांची क्रमवारी दरवर्षी लागते आणि परदेशी जाऊ पाहणारी मुलं तिच्याकडे डोळे लावून बसतात. २०२२च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्डने अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या यादीतून अंग काढून घेतलं, तरी याद्या निघायच्या राहिल्या नाहीत. मला विचाराल तर यादी बाजूला ठेवावी आणि एकच खटला बगलेत मारून या संस्थांच्या वर्गांत जाऊन बसावं.

खटला आपल्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात तो घेऊ: लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३. मालकाच्या घरातला एक मुलगा नाहीसा झाला. मुनीम लालमनला शोधायला धाडलं. तो निघून गेल्यावर मालकाने पत्रकं काढली, मुलगा शोधून देईल त्याला ५०१ रुपये. लालमनने मुलगा शोधला, पण बक्षिसाची गोष्ट त्याच्या कानावर आली ती नंतर. त्याने दावा लावला आणि तो हरला. जो प्रस्ताव ठाऊकच नव्हता तो स्वीकारला कसा म्हणायचा, असं कोर्टाचं म्हणणं.

हार्वर्डमध्ये १८७० साली लँगडेल डीन झाले. नियम सांगून मोकळं व्हायचं नाही, विद्यार्थ्यांना निकालच वाचायला द्यायचे, ही त्यांची पद्धत. पुढच्याच वर्षी करारांवरच्या निकालांचं त्यांचं पुस्तक निघालं. आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात सुमारे ऐंशी जण असतात आणि प्राध्यापक न सांगता कुणाचंही नाव घेतात. मग सरबत्ती. पत्रक लालमनने अर्धवटच वाचलं असतं तर? पूर्ण वाचलं, पण मुलगा सापडल्यावर तासाभराने? दर प्रश्नात एकच तपशील बदलतो आणि मघाशी ठाम वाटलेलं उत्तर ढासळतं. खरं उत्तर काय, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

ऑक्सफर्डला गर्दी नाही. दोन-तीन विद्यार्थी शिक्षकासमोर बसतात. आधी वाचायची यादी, मग निबंध, मग त्या निबंधाची चिरफाड. इथे लालमनवरचा प्रश्न असा येईल: निकाल बरोबर होता का? मागे लपायला बाक नसतो. पदवीची श्रेणी मात्र ठरते ती तिसऱ्या वर्षअखेरच्या परीक्षांवर. तिथली बीसीएल ही कायद्याची पदवी नावाने 'बॅचलर' असली तरी पदव्युत्तर आहे; आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली त्या परीक्षेला बसल्या आणि पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२०पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हतं.

जर्मनीतला वर्ग मला सर्वांत रंजक वाटतो. तिथे सुरुवात निकालापासून नाही, कलमापासून होते. कोण, कोणाकडून, काय आणि कशाच्या आधारे मागतोय, हे सूत्र मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आधी प्रश्न, मग व्याख्या, मग ती या घटनेला लागू होते का आणि शेवटी निष्कर्ष, असं पायरी न चुकवता लिहायचं. १९००पासून लागू असलेल्या त्यांच्या नागरी संहितेचं कलम ६५७ सांगतं की जाहीर केलेलं बक्षीस, काम करणाऱ्याने ते बक्षिसासाठी केलं नसलं तरी, द्यावंच लागतं. म्हणजे अलाहाबादला जिथे लालमनचं घोडं अडलं तो अडसर इथे नाहीच! मुलाला शोधणं हे नोकर म्हणून त्याचं कामच होतं, हा मुद्दा तेवढा उरतो.

आणि तिथे विद्यापीठाच्या नावापेक्षा सरकारी परीक्षेचे गुण बोलतात. १८पैकी ४ला उत्तीर्ण. ९ मिळाले की घरी पेढे वाटावेत. त्यानंतर दोन वर्षं उमेदवारी आणि पुन्हा दुसरी सरकारी परीक्षा.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी बहुतेक जण इथली एलएलबी करून बाहेर वर्षभराचं एलएलएम करतात. हार्वर्डचा तो पहिल्या वर्षाचा वर्ग तीन वर्षांच्या जेडी पदवीवाल्यांचा, एलएलएमवाल्यांचा नव्हे, हे फॉर्म भरण्याआधीच लक्षात घ्यावं. उलट, इथली एलएलबी न करता थेट बाहेरून कायद्याची पदवी घेतली, तर परतल्यावर आधी ती बार कौन्सिलच्या मान्य यादीत आहे का ते पाहावं लागतं आणि सनदेआधी कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते.