उतारशाळेतील सेवक आणि महामारी

परोपकारी शोमरोन्याच्या दाखल्यावर (लूक १०:२५-३७) आपण सर्वांनीच अनेकदा प्रवचने केली आहेत. याजक व लेवी यांची निष्ठुरता आणि शोमरोन्याची करुणा यांवर आपला भर असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढील प्रवासास निघून गेला. त्यानंतर जखमी मनुष्याचे अंथरूण, अन्नपाणी व मलमपट्टी हे सर्व उतारशाळेच्या रक्षकाने आणि बहुधा त्याच्या चाकरांनी पाहिले असणार. त्या चाकरांविषयी दाखला काही सांगत नाही, आणि आपणही सहसा विचारीत नाही. ज्याचा पाहुणचार हाच व्यवसाय आहे, त्याचे स्वतःचे क्षेम कोणी पाहावे? २०२० व २०२१ या दोन वर्षांच्या महामारीने हा प्रश्न आपल्या दाराशी आणून ठेवला.

त्यासाठी हैदराबादेतील आबिड्स हा भाग डोळ्यांसमोर आणावा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा खासगी सेवक आल्बर्ट आबिड याच्या दुकानावरून या भागास हे नाव पडले. म्हणजे मुळात एका सेवकाचेच नाव येथे रूढ आहे. नामपल्ली स्थानक जवळ असल्यामुळे येथे लॉज, इराणी चहाची हॉटेले व बिर्याणीची उपाहारगृहे यांची दाटी आहे. सेंट जॉर्ज चर्चही याच परिसरात आहे. आपल्या उपासकांपैकी कित्येक जण उपासना आटोपल्यावर जेथे चहा घेतात, तेथे बशा विसळणारा, फडके मारणारा, भट्टीपुढे उभा राहणारा मनुष्य कोण, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

या कामगारांच्या जीवनाची एक विशेष रचना आहे, आणि ती समजल्यावाचून त्यांच्या हालांचे स्वरूप ध्यानात येणार नाही. गिरणीतील अथवा कचेरीतील मनुष्य काम गेले तरी आपल्या घरी असतो. हॉटेलातील परगावचा कामगार पुष्कळदा मालकाने दिलेल्या खोलीत, कधी माळ्यावर, तर कधी दुकान बंद झाल्यावर बाकांवरच निजतो. दोन वेळचे जेवण त्याच मुदपाकखान्यातून मिळते. पगार तुटपुंजा, आणि त्यास गिऱ्हाइकांच्या बक्षिसीची जोड. २२ मार्च २०२० च्या जनता-संचारबंदीपाठोपाठ टाळेबंदी आली, तेव्हा या मनुष्याचे काम, निवारा, अन्न व बक्षिसी ही चारही एकाच कुलपाआड गेली. त्या वर्षी हैदराबादेतील हलीम करणाऱ्यांनी रमजानात हलीम न करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे एका महिन्याच्या कमाईवर विसंबून असलेल्या हंगामी आचाऱ्यांचा व हलीम घोटणाऱ्यांचा तोही आधार गेला.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेलंगण सरकारने परप्रांतीय कामगारांस माणशी १२ किलो धान्य व ५०० रुपये देण्याचे जाहीर केले. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळातील वेतन कपात न करता द्यावे, असा आदेश काढला. परंतु मेच्या मध्यानंतर तो आदेश उरला नाही. गल्ल्यात पैसा येत नसता भाडे व कर्जाचे हप्ते भरणाऱ्या लहान मालकांचीही कोंडी झाली होती, हे नाकारता येत नाही. १ मे २०२० रोजी देशातील पहिली श्रमिक रेल्वेगाडी हैदराबादेजवळील लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाकडे निघाली. तीत प्रामुख्याने बांधकामावरील मजूर होते. तथापि ज्यास काम नाही, त्यास शहरात छप्परही नाही, ही स्थिती हॉटेल-कामगारांचीही होती.

८ जून २०२० रोजी उपाहारगृहे पुन्हा उघडली. पुढे १२ मे ते १९ जून २०२१ या काळात तेलंगणात पुन्हा टाळेबंदी झाली. या दोहोंच्या मधल्या काळात संकटाचे रूप पालटले. जेवणाऱ्यास मुखपट्टी काढावीच लागते; वाढणारा मात्र दिवसभर अशा उघड्या मुखांसमोर वावरतो. चीनमधील ग्वांगझू शहरी जानेवारी २०२० मध्ये एका उपाहारगृहात शेजारच्या तीन मेजांवरील तीन कुटुंबांतील १० जणांस बाधा झाली. वातानुकूलन यंत्राची हवा त्या मेजांभोवतीच फिरत होती. मुदपाकखान्याची स्थिती याहून बिकट असते: जागा अरुंद, वाफ व धूर कोंडलेला, माणसे खांद्यास खांदा लावून उभी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२० च्या मार्च ते नोव्हेंबर या काळातील मृत्यूंचा व्यवसायवार अभ्यास झाला, तेव्हा कामकरी वयातील आचाऱ्यांचे मृत्यू अपेक्षेहून सुमारे ६० टक्के अधिक असल्याचे आढळले.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे लपविलेला ताप. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पगार नाही, असा नियम असेल तर आजारी मनुष्य ताप लपवूनच कामावर येणार. त्यास बेजबाबदार म्हणून दोष देण्यापूर्वी आपण त्याच्या खिशाचा विचार करावा. भरपगारी आजारपणाची रजा ही केवळ सवलत नव्हे. गिऱ्हाइकाच्या व शेजारच्या कामगाराच्या आरोग्याचेही ते रक्षण आहे.

ख्रिस्ती परंपरेस हा विचार नवा नाही. १५२७ साली व्हिटेनबर्ग येथे प्लेग आला असता मार्टिन ल्यूथरने एका पत्ररूप निबंधात, प्राणघातक साथीपासून पळून जावे काय, या प्रश्नाचा ऊहापोह केला. चाकराने धन्यास सोडून जाऊ नये असे तो म्हणतो. पण त्याच जोडीने, चाकराची योग्य व्यवस्था लावल्यावाचून धन्यानेही त्यास सोडू नये असे बजावतो. कर्तव्य दोहों बाजूंनी आहे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतील ५३ वे प्रकरण, पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताप्रमाणे करावे, या आज्ञेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच प्रकरणात पुढे, पाहुण्यांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या बंधूंस गरजेप्रमाणे मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, अशीही तरतूद आहे. ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी हा अनुवादातील नियम (२४:१५) व अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाचा इशारा (५:४) आपणांस परिचितच आहेत.

मग पाळकांनी व उपदेशकांनी काय करावे?

पहिले, आपल्या मंडळीच्या परिसरातील उपाहारगृहे व लॉज येथील कामगारांची ओळख ठेवावी. त्यांस रविवारी सुट्टी नसते. म्हणून दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर आपणच त्यांच्याकडे जावे.

दुसरे, कर्मचारी राज्य विमा योजनेची माहिती करून घ्यावी. १० किंवा अधिक कामगार असलेल्या उपाहारगृहांस ती सामान्यतः लागू होते. पुरेशी वर्गणी भरलेल्या कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. आपले नाव नोंदले आहे की नाही, हेच पुष्कळांस ठाऊक नसते; ते शोधून देणे हीदेखील सेवा होय.

तिसरे, मंडळीतील जे सभासद स्वतः हॉटेलमालक आहेत, त्यांच्याशी आजारपणाची रजा, मुदपाकखान्यातील खेळती हवा व निजण्याची जागा यांविषयी स्नेहाने पण स्पष्टपणे बोलावे. पुढील साथीच्या आधी हे बोलणे झालेले बरे. साथ आल्यावर उभयतांस धीर राहत नाही.

शोमरोन्याने रक्षकास दोन दीनार दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून (२०:२) पाहता ती दोन दिवसांची मजुरी होय. अधिक खर्च झाल्यास तोही परत येताना फेडीन, असे त्याने सांगितले. सेवा करणाऱ्यास त्या सेवेपायी तोटा होऊ नये, एवढी काळजी त्याने घेतली. पुढील खेपेस या दाखल्यावर प्रवचन करताना या दोन दीनारांपाशी थोडे थांबावे, आणि नंतर कोपऱ्यावरील हॉटेलात जाऊन चहा आणणाऱ्यास त्याचे नाव विचारावे.