वृद्ध शेतकऱ्यांसाठी शासकीय साहाय्य : कोणते, कोणास व कसे

शेतीच्या धंद्यात सेवानिवृत्तीचे वय ठरलेले नाही. नोकरदारास ठरावीक वयानंतर निवृत्तिवेतन मिळते. शेतकरी मात्र हातपाय चालतात तोवर राबतो आणि ते थकले म्हणजे मुलांवर अवलंबून राहतो. जालना जिल्ह्यातील बरीच शेती पावसाच्या भरवशावरची आहे. सन २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. अशा वर्षी कर्त्या मुलासही प्रपंच चालविणे जड जाते व घरातील वृद्धांच्या औषधपाण्याची आबाळ होते. म्हणून वृद्धांसाठी असलेल्या शासकीय योजनांची नीट माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे. पुष्कळ वृद्ध पात्र असूनही केवळ एखाद्या कागदाअभावी या साहाय्यास मुकतात.

६५ वर्षांनंतरचे मासिक अर्थसाहाय्य

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी आहे. जुलै २०२३ पासून तीत दरमहा १,५०० रुपये, म्हणजे वर्षास १८,००० रुपये मिळतात. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा. त्याच्या कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे; यादीत नाव नसल्यास कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. यादीत नाव असलेल्यांच्या रकमेपैकी काही भाग केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून येतो. ६५ ते ७९ वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये असतो. उरलेली रक्कम राज्य शासन घालते.

६५ वर्षे पूर्ण न झालेल्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने पीडित व अन्य निराधार व्यक्तींनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज करावा.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे

वयाचा पुरावा ही पहिली अडचण असते. जुन्या पिढीतील अनेकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही व त्यांच्या जन्माची नोंदही झालेली नाही. तथापि शाळेचा दाखला नाही म्हणून अर्ज करण्याचे सोडू नये. शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा चालतो. तोही नसल्यास ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिलेला वयाचा दाखला ग्राह्य धरला जातो. निरनिराळ्या कागदांवर वय किंवा नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असेल तर आधारपत्रातील दुरुस्ती आधी करून घ्यावी.

यांखेरीज रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अथवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा आणि बँकेचे पासबुक लागते. अर्ज गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा तहसील कार्यालयात द्यावा व त्याची पोच घ्यावी. तालुका समिती छाननी करून मंजुरी देते.

मंजूर झालेले अनुदान का थांबते ?

मंजुरी मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. आता अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. खाते जोडलेले नसेल किंवा दीर्घकाळ व्यवहार न झाल्याने बंद पडले असेल तर रक्कम अडकते. हयात असल्याची पडताळणी वर्षातून एकदा करून घ्यावी लागते. ती चुकली तरी अनुदान थांबते.

जन्मभर मातीत राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात व यंत्रावर अंगठा उमटत नाही. अशा वेळी वृद्धाने निराश होऊन परतू नये. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय असते. पीएम-किसानच्या मोबाईल ॲपमध्ये सन २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविता येते.

जमीन मुलांच्या नावे करण्यापूर्वी

वृद्धापकाळी जमीन मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे अशी अनेकांची इच्छा असते. हा निर्णय मात्र पूर्ण विचारांती घ्यावा. समजा, एका वृद्ध शेतकऱ्याच्या नावे ४ एकर जमीन आहे. त्यास पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० व राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे ६,००० असे १२,००० रुपये मिळतात. त्याने जमीन बक्षीसपत्राने मुलांस दिली तर जमीनधारक न राहिल्याने त्याचे हप्ते बंद होतात. शिवाय १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेला नवा धारक, वारसाहक्काचा अपवाद सोडल्यास, पीएम-किसानसाठी पात्र ठरत नाही. म्हणजे बापाचे गेले आणि मुलासही मिळाले नाही, अशी स्थिती होते.

त्याऐवजी स्वकष्टार्जित जमिनीचे मृत्युपत्र करता येते. ते मृत्यूनंतरच अमलात येते व हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्रच करावयाचे असेल तर ‘देणाऱ्याचा सांभाळ व मूलभूत गरजांची पूर्तता करावी’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या सन २००७ च्या कायद्याच्या कलम २३ अन्वये, अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते.

मुले सांभाळ करीत नसतील तर याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविते. वृद्धास स्वतः जाणे शक्य नसल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. सल्ल्यासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

इतर सवलती

एस. टी. प्रवासात ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांस निम्मे भाडे पडते. सन २०२२ पासून ७५ वर्षांपुढील नागरिकांस प्रवास विनामूल्य आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांस, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठी स्वतंत्र कार्ड काढून घ्यावे.

तरुण शेतकऱ्यांनी काय करावे ?

सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या, २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यास नाव नोंदविता येते. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरावे लागतात व तितकीच रक्कम केंद्र शासन घालते. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. हा हप्ता पीएम-किसानच्या रकमेतून परस्पर भरण्याचीही सोय आहे. चाळिशी उलटल्यावर ही संधी राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील ६५ वर्षांवरील वृद्धांची यादी करावी व प्रत्येकाचा वयाचा पुरावा, आधार जोडणी आणि पडताळणी या तीन गोष्टी तपासाव्यात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे, विशेषतः विधवा स्त्रियांकडे, प्रथम जावे. त्यांना तालुक्यास हेलपाटे घालणे परवडत नाही. दरमहा मिळणाऱ्या १,५०० रुपयांत औषध व किराणा भागतो आणि मागण्याची पाळी येत नाही. हे साहाय्य म्हणजे उपकार नसून पात्र वृद्धाचा तो हक्क आहे, हे त्यास समजावून द्यावे.