‘जरासं खरचटलंय’ म्हणण्याआधी...

पहिला पाऊस पडला, की ग्रुपवर मेसेज येतोच, ‘उद्या सिंहगड?’ पण उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि साचलेली धूळ पहिल्याच सरीत एकत्र येते आणि डांबर निसरडं होतं. वळणावर जोरात ब्रेक दाबला, की बाईक असो वा सायकल, सरकलीच म्हणून समजा. हेल्मेटमुळे डोकं वाचतं, हाडंही शाबूत असतात. कोपर, गुडघे आणि तळहात मात्र सोलवटून निघतात. मित्र विचारतात, तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही रे, जरासं खरचटलंय!’ मग आठवडाभर फुल बाह्यांचा शर्ट. घरी कळलं तर गाडीची चावी जप्त ना!

दोस्तांनो, खरा घोळ या ‘जरासं’मध्येच आहे. या जखमेला ‘रोड रॅश’ म्हणतात. डांबर पॉलिश पेपरसारखं कातडी घासून काढतं, म्हणून भाजलेल्या जखमेसारखंच इथेही ‘किती खोल?’ हे बघावं लागतं. वरचा थर गेला, तर नुसती आग होते. त्याखालचा गेला, तर रक्त आणि पाणी येतं. त्याहून खोल गेलं, तर संवेदना देणाऱ्या नसाच दुखावतात आणि दुखणं उलट कमी वाटतं. तेव्हा ‘दुखत नाहीये, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

पडल्यावर पहिलं काम म्हणजे धुणं. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, साध्या साबणाने, नीट वेळ देऊन. झोंबतं, पण टाळू नका. आत राहिलेली खडी आणि माती इन्फेक्शनला आमंत्रण देतेच, शिवाय त्यावर कातडी भरली, तर निळसर-काळे डाग कायमचे राहतात. फुकटात मिळालेला टॅटू, तोही नको तिथे! हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही जखमेवर दाबू नका. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही त्यात मरतात.

‘उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. तेव्हा धुतल्यावर पेट्रोलियम जेली, त्यावर न चिकटणारं ड्रेसिंग आणि ते रोज बदलायचं. भरून आलेल्या नव्या कातडीला काही महिने सनस्क्रीन लावा, नाहीतर ती काळवंडते.

खडी निघत नसेल, रक्त थांबत नसेल, जखम चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा तळहातापेक्षा मोठी असेल, तर थेट डॉक्टर गाठा. दोन-तीन दिवसांनी लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तरीही तेच.

आणि हो, हातमोजे! पडताना आपण आपसूक हात पुढे टाकतो, त्यामुळे तळहात हमखास सोलले जातात. हेल्मेट घेताना हजारो रुपये मोजतो, तर ग्लोव्ह्जलाही थोडे काढा. हाफ पँट आणि चपलेवर घाट चढणं तर नकोच.

शेवटचं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं. सरकारी वेळापत्रकानुसार ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळतं. मातीने भरलेली जखम असेल आणि आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेलं असलं, तरी आज बाविशीत असाल तर मुदत संपलीये. शेवटचं कधी घेतलं, ते बहुधा आईलाच आठवत असेल. त्यामुळे जखम लपवू नका, घरी सांगा. चावी चार दिवस गेली तर जाऊ दे.