काकांची जावा आणि ‘मूळ’ रंगाचा प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात काकांची १९६८ सालची जावा पुन्हा उभी करायला घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, लाल रंगाची. इंजिन लवकर सुरू झालं, रंगाने मात्र घाम काढला. दुकानात ट्यूबलाइटखाली जुना नमुना आणि नवा रंग शेजारी धरले, अगदी एक दिसले. टाकी रंगवून उन्हात आणली, तर जुनं मडगार्ड एक लाल आणि टाकी दुसराच लाल! काका एवढंच म्हणाले, “अरे, हा तो लाल नव्हे.” रंगलेपांवर पीएचडी करणाऱ्या पुतण्याला हे ऐकावं लागलं. म्हणून हा लेख.

मूळ रंग शोधायचा कुठे?

टाकीचा छोटा भाग बारीक वॉटर पेपरने घासत गेलं की एकाखाली एक थर उघडतात. प्रायमरच्या लगेच वरचा थर मूळ, असं आपण धरून चालतो. पण मधे कुणी पत्र्यापर्यंत खरवडून नवा प्रायमर मारला असेल तर? म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा. टाकीच्या रबरी पॅडखाली किंवा टूलबॉक्सच्या आत बघायचं, तिथे ऊन पोचत नाही. दोन्हीकडे तोच थर मिळाला, तर विश्वास वाढतो.

तरी गंमत बघा. उन्हात रंगद्रव्य फिकं पडतं, तर जुन्या अल्कीड रंगातलं रेझिन अंधारातही पिवळसर होऊ शकतं. म्हणजे झाकलेला नमुना चांगला साक्षीदार आहे, पण तो ‘१९६८ चा रंग’ नाही.

डोळा का फसला?

वस्तू प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश किती परत पाठवते, याचा एक आलेख असतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला मोजलं तर ३१ आकडे मिळतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मात्र आपल्या डोळ्यात तीनच प्रकारच्या. त्यामुळे ३१ आकडे वेगळे असूनही तीन पेशींचा प्रतिसाद सारखा येऊ शकतो, पण ठरावीक प्रकाशातच. प्रकाश बदलला की जोडी फुटते. याला मेटामेरिझम म्हणतात. जुनी रंगद्रव्यं वेगळी, आजची वेगळी. आमची टाकी तिथेच फसली.

मग मोजायचं कसं?

स्पेक्ट्रोफोटोमीटर हा आलेख देतो. त्यावरून एल, ए, बी असे तीन आकडे निघतात: उजेडपणा, हिरवा-लाल, निळा-पिवळा. समजा, नमुना ३४, ४२, २४ आणि नवा रंग ३५, ४०, २२. फरकांचे वर्ग १ + ४ + ४ = ९, वर्गमूळ ३. हा झाला डेल्टा ई. साधारण १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. ३ असेल तर शेजारी ठेवल्यावर दिसतो. पण हा आकडाही कुठल्यातरी प्रमाण प्रकाशासाठीच काढलेला असतो. म्हणून दिवसाचा प्रकाश (डी६५) आणि पिवळा बल्ब (ए), दोन्हींसाठी काढायचा. दोन्हीकडे कमी आला तरच जुळणी खरी.

दुसऱ्या वेळी आम्ही तसंच केलं. आधी एका पत्र्यावर नमुना रंगवला, तो पूर्ण वाळू दिला, मोजला, मग उन्हात आणि घरातल्या बल्बखालीही बघितला. तिसऱ्या मिश्रणाला काका काही बोलले नाहीत, टाकीवर फडकं फिरवत राहिले.

तुमच्या प्रस्तावात ‘मूळ’, ‘सामान्य’, ‘खरं’ असे शब्द येतील, तेव्हा तीन ओळी आधी लिहून काढा: माझा संदर्भ नमुना कोणता, तो काळानुसार कसा बदलला असेल, आणि माझं मोजमाप कुठल्या परिस्थितीत खरं आहे. मी त्या लिहिल्या असत्या, तर एका टाकीचा रंग वाचला असता.